'आत' लिहून गेलेला भाऊ

आमच्या ग्रुपवर दोनच शब्दांना किंमत आहे, 'आत' आणि 'बाहेर'. धंदा जमिनीखालच्या पाण्याच्या टाक्या धुण्याचा. टाकीत उतरण्याआधी माणूस जागा लिहितो आणि पुढे 'आत'. वर आला की 'बाहेर'. वीस मिनिटांत 'बाहेर' आलं नाही तर ऑफिसात बसलेली मी फोन लावते, उचलला नाही तर जवळच्या माणसाला पिटाळते. बंद टाकीतली हवा कधी दगा देईल सांगता येत नाही. गेल्या वर्षी आमचे म्हातारे मुकादम असेच तळाशी बसून राहिले होते. 'बाहेर' आलं नाही म्हणून माणूस धावला, म्हणून वाचले.

बाकी सगळा कचरा. फुलं, सुविचार, कुणाच्या तरी मेहुणीच्या बाळाचा फोटो. मला त्याची चीड आहे आणि माझी चीड सगळ्यांना माहीत आहे. माझ्या पाठीमागे मला हेडबाई म्हणतात. म्हणेनात का!

त्या सकाळी पंपवाल्याने नाचणाऱ्या मांजराचा व्हिडिओ टाकला आणि माझं डोकं फिरलं. "हा ग्रुप आहे की मासळीबाजार?" इथून सुरुवात करून मी एकापाठोपाठ आठ नियम लिहिले. सुप्रभात नको, अंगठे नकोत, एकाच्या गप्पा सगळ्यांना नकोत. शेवटी लिहिलं, "कळलं असेल तर गप्प बसा."

लगेच "कळलं ताई" सुरू झालं. "सॉरी ताई." "एकदम बरोबर बोललात." जोडलेले हात, अंगठे. पंपवाल्याने माफी म्हणून आणखी एक मांजर पाठवलं, रडणारं. बघता बघता चाळीसएक निरोप झाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ग्रुपला कुलूपच लावलं, म्हणजे ॲडमिन सोडून कुणाला लिहिता येणार नाही, आणि ॲडमिन मी एकटी. "बसा आता तासभर तोंडं मिटून," असं ठणकावलं, फोन पालथा ठेवला आणि उद्याची कामं लावायला घेतली.

काय शांत वाटलं म्हणून सांगू! वेळ कसा गेला कळलंच नाही.

मग फोन उचलून कचरा पुसायला बसले. सॉरी ताई, पुसलं. अंगठा, पुसला. मांजर, पुसलं. दोन अंगठ्यांच्या मध्ये एक निरोप अडकला होता. "शाळेची मागची टाकी. आत." माझ्या धाकट्या भावाचा, दहा पन्नासचा. घड्याळात अकरा पंचेचाळीस झाले होते.

त्याचा जोडीदार तापाने घरी होता. "एक दिवस एकटा सांभाळ," असं मीच त्याला म्हटलं होतं. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. शाळेला सुट्टी, तिथे दुसरं कुणी नाही. शाळा दोन गल्ल्यांवर, म्हणून मीच धावत सुटले.

बाहेर आला असेल, मी मनाला समजावत होते. कुलूप आहे म्हणून लिहिता येत नसेल. मग फोन का उचलत नाही? त्याला हाका मारत मी फाटकातून आत शिरले.

टाकीचं झाकण उघडं. शेजारी त्याचे बूट, दोरी आत सोडलेली. मी पालथी पडून आत डोकावले. खाली नुसता काळोख. मी त्याचं नाव घेऊन ओरडले, आणि माझाच आवाज तेवढा परत आला.

"अगं, काय झालं?"

भिंतीपलीकडून तो येत होता, अनवाणी, एका हातात बादली, दुसऱ्या हातात फोन.

"फोन का उचलला नाहीस?"

"केव्हाच वर आलो मी. 'बाहेर' लिहायला गेलो तर कुलूप. मग तुझे फोन सुरू झाले. म्हटलं, भडकलीये, मांजराचा राग आपल्यावर निघणार. जरा निवलीस की लावू."

"मेलास असं वाटलं रे मला!" म्हटलं आणि तिथेच रडू फुटलं.

तो बादली ठेवून शेजारी बसला. "एक सांगू? तुझं नाव दिसलं की सगळेच आधी जरा थांबतात, ताई. तोंडावर कुणी बोलत नाही, एवढंच."

मी डोळे पुसले आणि ग्रुपचं कुलूप काढलं. खडाखड निरोप पडले. "बाहेर." "बाहेर." "बाहेर." तिघांचे, आणि त्या तिघांचा 'आत' कुठेच नव्हता. मी शांततेचं कौतुक करत असताना तीन माणसं कुणाला न सांगता उतरून वर आली होती.

मुकादमांचं मात्र काहीच नव्हतं. सकाळी मीच त्यांना दवाखान्याच्या टाकीवर पाठवलं होतं.

फोन लावला. वाजत राहिला. भाऊ बूट चढवून उठलासुद्धा. टाकीत आहेत, की माझं नाव बघून थांबलेत? अगदी शेवटी फोन उचलला गेला.

"सॉरी ताई," मी काही बोलण्याआधीच मुकादम म्हणाले.