मिरगानंतरची वाटी

नेम धरणं आक्कांना कधी जड गेलं नाही. जड जायचं ते सोडणं.

धाकटे भाऊ सयाजीराव यांनी मुंबईहून पियानो आणला, तेव्हा दरबारातली मंडळी तो बघायला येऊन गेली. पण पहिल्याच चैत्रात त्याचं लाकूड तडतडायला लागलं. गावात बाजाच्या पेट्या दुरुस्त करणारा नबीलाल होता, त्याला बोलावलं. त्यानं पियानोची खालची फळी काढली आणि आत पाण्यानं भरलेली तांब्याची वाटी ठेवली.

"आक्का, ह्ये लाकूड इलायतेचं. आपला उन्हाळा त्येला सोसत न्हाई. रोज वाटीभर पाणी ठेवा. मिरग निघाला की मात्र काढायची, नायतर फुगंल. इसरायचं न्हाई."

वैशाखात वाटसरूला पाणी द्यावं, तसं आक्कांना ते वाटलं. लाकडालाही तहान असतेच की. तुळशीला पाणी घातलं की त्या वाटी भरायच्या आणि वर एक तुळशीपान सोडायच्या.

मोलकरीण धोंडुबाई पदर तोंडाला लावून हसायची. "पेटीला बी तीर्थ व्हय?"

मिरग निघाला त्या सकाळी आक्का वाटी हातात घेऊन उभ्या राहिल्या. विसरल्या नव्हत्या. पण नेम असा उद्यापनाशिवाय कसा सोडायचा? वाटीभर पाण्यानं काय होतंय, असं म्हणत त्यांनी ती भरून परत आत ठेवली. पुढं चातुर्मास लागला. दुपारचा नैवेद्य होईपर्यंत मौन, हा आणखी एक नेम त्यांनी धरला.

श्रावणात सयाजीरावांनी पाव्हण्यांना पियानो ऐकायला बोलावलं. वाजवायला एक मडम आली होती. तिनं पट्टी दाबली, ती खालीच राहिली. दुसरी दाबली, तीही तशीच. मडम हसली, मग पाव्हणे हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच नबीलालला बोलावणं गेलं. त्यानं फळी काढली. आत बुरशीचा वास, तारांवर गंज, आणि काठोकाठ भरलेली वाटी. पाण्यावर हिरवंगार तुळशीपान.

नबीलालनं मान वळवून दाराकडं पाहिलं. दारात आक्का जपमाळ घेऊन उभ्या होत्या. सयाजीराव वाकायच्या आत त्यानं ते पान दोन बोटांनी उचललं आणि फेट्याच्या पदरात खोचलं.

"ही वाटी कुणी ठेवली?"

"मीच, सरकार."

"पावसाळ्यात पाणी? चांगल्या चार घरांतल्या पेट्या तुझ्याकडं आहेत ना? आज सगळीकडं निरोप धाडतो."

"चुकी माझीच. मिरगाला यून वाटी न्यायला पायजे हुती," नबीलाल म्हणाला. त्यानं हत्यारं पिशवीत भरली आणि जाताना आक्कांना नेहमीसारखाच वाकून नमस्कार केला.

आक्का बोलल्या नाहीत. मौन होतं.

दुपारी नैवेद्य झाला, मौन सुटलं. सयाजीराव पाटावर बसले. सकाळपासून ओठांवर आलेलं वाक्य आक्कांनी गिळलं आणि विचारलं, "भात वाढू?"

संध्याकाळी धोंडुबाईनं खरकटं काढता काढता बातमी दिली. "इनामदारांनी पेटी माघारी मागवली म्हणं नबीलालकडनं." मग आवाज खाली आणून म्हणाली, "मला बी ठाव हाय समदं, आक्का. माझं काय मौन न्हाई. पन पोट हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्कांनी तुळशीला पाणी घातलं, प्रदक्षिणा केल्या. सवयीनं पान खुडायला हात पुढं गेला आणि तिथंच थांबला. आपली लाज त्या माणसानं फेट्यात बांधून नेली होती.

त्या तशाच ओल्या पावलांनी दिवाणखान्यात गेल्या.

"सयाजी, वाटी मी भरत होते."

सयाजीराव दचकून उठले. "आक्का, नैवेद्य व्हायचाय अजून. तुमचं मौन..."

"मोडलं. नबीलालनी मिरगाला वाटी काढायला सांगितलं होतं. माझ्या ध्यानात होतं, तरी मी काढली नाही."

"मग काल का बोलला नाहीत?"

"काल सकाळी मौन होतं."

"आणि दुपारी?"

आक्कांनी मान खाली घातली. "दुपारी नव्हतं."

सयाजीरावांनी खुंटीवरची पगडी काढली. ती घालून स्वतः निघाले. आधी इनामदारांकडं, तिथून नबीलालकडं.

नबीलाल दुपारी आला तो कोळशाची शेगडी घेऊनच. ती पियानोपासून हातभर लांब ठेवली. ओल उतरली की पट्ट्या सुटतील, म्हणाला, पण खर्जातल्या दोन तारा गेल्या त्या गेल्याच.

"नबीलाल," आक्का म्हणाल्या. त्यांची नजर त्याच्या फेट्याकडं गेली.

"पान तुमच्या तुळशीच्या विंद्रावनातच ठिवलंय, आक्का. काल जाता जाताच," तो म्हणाला. "आता रोज दोन तास शेगडी. लई जवळ न्हाई."

"आणि थांबवायचं कधी?"

"दसऱ्याला."

"दसऱ्याला तुम्हीच या," आक्का म्हणाल्या. "माझ्यावर सोडू नका."