कोरिनचं मनगट

कोरिनचं पत्र येऊन एकोणीस दिवस झाले होते आणि एलिस व्हिटलोनं अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र कसलं, चार ओळी. ‘बाबा, लॉयड एकतीस तारखेला तुरुंगातून सुटतोय. फोनवरून तो माग काढेल म्हणून फोन बंद केलाय. अंगावर लपेल असं पिस्तूल घ्यायचंय. जवळ साडेतीनशे डॉलर आहेत. तुम्ही वाचून सांगा, कुठलं घेऊ?’

एलिसचा जन्म गावचं वाचनालय सांभाळण्यात गेलेला. त्यानं मासिकं आणली, वहीत रकाने आखले. शेवटी दोन पिस्तुलं उरली. वजन सारखं, जाडी सारखी. एकात एक गोळी जास्त, दुसऱ्याचा चाप हलका. सकाळी एकाच्या बाजूनं पत्र लिहायचं, संध्याकाळी फाडायचं. चुकलं तर? लग्नाआधी लॉयडबद्दलही तिनं असंच विचारलं होतं. ‘माणूस बरा वाटतो,’ असं एलिसच म्हणाला होता.

अठ्ठावीस तारखेला तो वही घेऊन रॉयस टॅकेटच्या बंदुकांच्या दुकानात शिरला.

“या मास्तर! या वयात हरणं मारणार की काय?”

एलिसनं वही पुढे केली. रॉयसनं पानं चाळली. “अहो, एवढा अभ्यास तर बनवणाऱ्यानंही केला नसेल. कुणासाठी?”

“कोरिनसाठी. एकच सांग, कुठलं? तीन दिवस उरलेत रे.”

रॉयसनं ती दोन्ही पिस्तुलं काढली, रिकामी असल्याचं तपासून काचेवर ठेवली. “वरचा भाग मागे ओढा. त्याशिवाय गोळी आत जात नाही.”

एलिसची बोटं अर्ध्यावरच घसरली. दुसऱ्याचंही तेच.

“तुमचं सोडा. तिला जमेल ना?”

एलिसला कोरिनचा हात आठवला. लॉयडनं पिरगळून मोडलेलं ते मनगट. आत धातूची पट्टी, सहा स्क्रू. बरणीचं झाकणसुद्धा तिला उघडत नव्हतं. वहीत अकरा रकाने होते, हाताचा एकही नव्हता.

“नाही जमणार,” तो कसाबसा म्हणाला.

रॉयसची थट्टा थांबली. खालच्या खणातून त्यानं तिसरं काढलं. जरा जाड, गोळीही जरा कमी जोराची; पण वरचा भाग एलिसच्या आखडलेल्या बोटांनीही सरकला.

“वहीत लिहिलेल्या पैशात बसतं. पण तिच्या हातात दिल्याशिवाय मी काही सांगणार नाही, मास्तर. तिला इथं आणा. चालवायचं मी शिकवतो.”

एलिसनं गाडीत बसूनच वहीचं पान फाडलं. ‘कोरिन, मला ठरवता येत नाही. लॉयडच्या वेळी चुकलो, आताही तुझा हात विसरलो. पत्र मिळताच निघ, सामान राहू दे. इथं येऊन तूच धरून बघ. रॉयस शिकवणार आहे. तुझ्या खोलीला नवं कुलूप लावतोय.’

घरी येऊन पत्र फाटकाच्या टपालपेटीत टाकलं, पोस्टमननं ते उचलून न्यावं म्हणून पेटीची लाल पट्टी उभी केली. आणि मग मनात आलं: पोस्टमन आज येऊन गेला असेल तर? पत्र काढून तो तसाच गावातल्या टपाल कचेरीकडे सुटला. तिथली बाई खिडकी बंदच करत होती.

“सगळ्यात जलद. कधी पोचेल?”

“उद्या दुपारी बारापर्यंत.”

“शिक्का माझ्यासमोर मारा,” एलिस म्हणाला.

तिनं मारला.