चतुराबाईंच्या खुब्यातला दांडा

मी एक जुना पोलादी दांडा आहे, मित्रांनो. पण तुम्हाला मी कधी दिसणार नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात राहणाऱ्या चतुराबाईंच्या मांडीच्या हाडात मी तेरा वर्षांपासून उभा आहे. माझ्या टोकावर एक गोळा आहे. तो कमरेच्या हाडात बसवलेल्या वाटीत फिरतो, म्हणून बाई चालतात.

चतुराबाई शाळेत खिचडी शिजवायच्या. खुबा झिजला आणि त्यांना चुलीपाशी दोन मिनिटंही उभं राहवेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी टेबलावर दोन दांडे मांडले. एक खरखरीत; त्याला हाडच हळूहळू धरून ठेवतं. दुसरा मी, गुळगुळीत, हाडासाठीच्या खास सिमेंटने बसणारा.

"तुमचं हाड ठिसूळ आहे, हाच पक्का बसेल," डॉक्टर म्हणाले. "पण वाटी प्लास्टिकची आहे, ती झिजते. दरवर्षी एक्स-रे काढायला या."

"मले उभं राहाता आलं म्हंजे झालं," बाई म्हणाल्या.

आणि त्या उभ्या राहिल्या! दोनशे पोरांची खिचडी रोज ढवळली. तीन वर्षं एक्स-रे काढला. मग दुखत नाही, म्हणून जाणंच सोडलं.

तेव्हापासून माझ्या जिवाला चैन नव्हती. पावलागणिक वाटी झिजत होती. तिचा बारीक भुगा आजूबाजूचं हाड पोखरत होता. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसा?

शेवटी मुलीच्या, मायाच्या लक्षात आलं.

"आई, तू एका अंगाले काहून झुकून राह्यली?"

एक्स-रे पाहून डॉक्टर गंभीर झाले. "वाटी ढिली झाली. दांडाही कदाचित काढावा लागेल."

ऑपरेशनच्या वेळी त्यांनी मला धरून जोरात हलवलं. मी हललो नाही, म्हणून मला तिथेच राहू दिलं. मग त्यांनी जुनी वाटी काढून खरखरीत धातूची नवी बसवली, आत अधिक चिवट प्लास्टिक.

तीन महिन्यांनी बाई काठी टेकत शेजारच्या गोदाबाईंकडे गेल्या. त्यांचाही खुबा बदललेला.

"माहा खुब्यातला गोया चिनी मातीचा हाये, त्याले काय होते? पाच वर्सं झाले, दवाखान्यात गेलीच नाई," गोदाबाई हसल्या. "दुखतच नाई, त जाऊ कायले?"

"मलेबी दुखत नोतं," चतुराबाई म्हणाल्या. "ऊठ. आटो बाहेर उभा हाये."

मित्रांनो, तुमच्या आजीच्या, आजोबांच्या अंगात माझ्यासारखा कोणी असेल, तर शेवटचा एक्स-रे कधी काढला, ते आजच विचारा. आम्हाला हाक मारता येत नाही.