ब्लॉकची भिंतीकडची बाजू

"अवं, त्या भिंतीला डोळं चिकटलं का तुमचं? चहा पार निवून गेला!"

"निवू दे. काम करतोय मी."

"हात काम करत्यात. डोळं कवाच कुबातच्या अंगणात गेलेत," त्याची बायको बुरुलकान म्हणाली आणि गार चहा मातीत ओतून तरातरा आत गेली.

अशीरकुलनं पुन्हा लोखंडी पाट्याला दोन्ही हात लावले. पाट्याला खालून पॉलिश पेपर गुंडाळलेला, त्यावर रॉकेलचा हात फिरवलेला. समोर लाकडी ओंडक्यांवर ट्रकच्या इंजिनचा ब्लॉक. त्याच्या भोकांत चिंध्या कोंबलेल्या, आत घासलेला कीस जाऊ नये म्हणून. खर्र खर्र घासावं, बाजू बदलावी, पुन्हा घासावं. ब्लॉकभोवती असं फिरत राहिलं तरच तोंड सपाट येतं. हे त्याला कुणी सांगायला नको होतं. गावाला इंजिन म्हणजे काय ते त्यानंच दाखवलं होतं.

ट्रक झुराकान आपाचा. म्हातारीचा नवरा मागं ठेवून गेलेला. खिंडीच्या चढावर तो असा उकळला की ब्लॉक आणि त्यावरचं झाकण, म्हणजे हेड, ह्यांच्या मधली गॅस्केट जळाली, पाणी तेलात गेलं आणि दोन्ही तोंडं वाकडी झाली. डोंगरावरचं बर्फ वितळून रस्ता नुसता चिखल झालेला, खाली जर्दाळूचा फुलोरा वाऱ्यानं उडत होता. वरच्या कुरणावर निघायचे दिवस. तंबू, चुली, हातीपायी थकलेली माणसं, सगळं ह्याच ट्रकातनं जायचं. आपानं ब्लॉक अशीरकुलकडं टाकला आणि हेड दिलं भिंतीपलीकडच्या कुबातला.

"दोघांनी केलं तर लवकर हुईल," म्हातारी म्हणाली होती. "आन् ज्याचं काम चोख, त्याच्याकडंच म्होरं माझा ट्रक."

आपाचा ट्रक जिकडं, तिकडं सगळं गाव. अशीरकुलच्या काळजात तेव्हाच कळ उठली. आजवर 'उस्ता', म्हणजे पक्का कारागीर, म्हणून हाक आली की गावात एकटाच माणूस मागं वळायचा. आता हे काल मिसरूड फुटलेलं पोर, शहरातनं चार वर्षं हातोडी बडवून आलेलं, त्यालाही लोक उस्ता म्हणायला लागले होते.

आणि काय ते कौतुक! बुटक्या भिंतीपलीकडं बाया बोर्सोक, म्हणजे कणकेचे गोळे, तळून नेत होत्या. म्हातारे बाकडं टाकून बसले होते. कुबात काहीतरी बोलला की सगळे हसायचे. काय बोलला असंल? माझ्यावर बोलला असंल. अशीरकुलचा हात नेटानं दाबला जायचा, खर्र खर्र. ब्लॉकच्या पलीकडं, भिंतीच्या बाजूला गेलं की तिच्याकडं पाठ व्हायची, मग काही दिसायचं नाही. म्हणून तो गेलाच नाही. आता जाऊ, मग जाऊ, असं करत सगळा दिवस त्यानं एकाच बाजूनं घासलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपा काठी टेकत आली. मागनं कुबात, खांद्यावर हेड घेऊन.

"झालं का रं?"

अशीरकुलनं ब्लॉकवर अजून पट्टी ठेवून बघितली नव्हती. तरी जीभ वळवळलीच. "माझं काय बघायचं, आपा? ह्याच्या हेडचं बघा आधी. शहरातली घाई असती."

कुबातनं हेड उलटं ठेवलं. अशीरकुलनं त्यावर पोलादी पट्टी उभी धरली, डोळा बारीक केला. उभी धरली, आडवी धरली, तिरपी धरली. पट्टीखाली उजेडाची रेघसुद्धा नाही, म्हणजे तोंड एकदम सपाट! आरशासारखं आलेलं.

"आता तुझं," आपा म्हणाली.

पट्टी ब्लॉकवर टेकली आणि तो दिवसभर उभा होता त्या कडेला खालनं लख्ख उजेड आला. केवढा तरी! म्हातारीला नीट दिसत नव्हतं. कुबातला दिसलं. दोघांची नजरानजर झाली. अशीरकुलला वाटलं, संपलं. आता हा बोलणार, आणि सांजच्याला गावभर होणार.

"आपा, ब्लॉक लई वाकलेला हुता," कुबात म्हणाला. "उस्तांनी बराच बाक काढलाय. आजचा दिस लागंल अजून."

"लागू दे की. नीट करा म्हंजे झालं." म्हातारी काठी टेकत गेली.

उपकार! हेच तेवढं राहिलं होतं. हाताचं काम त्याचं चांगलं, ते कसंबसं गिळलं असतं. आता मनाचा मोठेपणाही त्याचाच? अशीरकुलच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"बोलला का न्हाईस रं?" तो फिस्कारला.

"काय बोलायचं? हात लावू का मीबी? एकाच बाजूनं घासलंय जनू." कुबात अशीरकुल काल उभा होता तिथं येऊन उभा राहिला. पाट्याला हात घालताना सहज वर बघितलं आणि हसला. "आयला! हितनं आमचं आंगण दिसतंय की."

अशीरकुलचा चेहरा तांबडा झाला. "मग? तुझ्या आंगणातनं माझं दिसत न्हाई व्हय?"

"दिसत असंल," कुबात म्हणाला. "कधी बघितलं न्हाई बा."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं.

"हो बाजूला," अशीरकुल शेवटी म्हणाला. "जा तू घरी. माझा ब्लॉक मी करतो."

कुबात गेला. अशीरकुलनं पेपर बदलला, रॉकेल फिरवलं आणि ब्लॉकच्या भिंतीकडच्या बाजूला, तिकडं पाठ करून उभा राहिला. दुपारपर्यंत पलीकडं पुन्हा माणसं जमली, कुणीतरी खळखळून हसलं. त्यानं मान वळवली नाही. कान मात्र तिकडंच होते.