बाजूने न काढलेला एक्स-रे

हाडवैद्याच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध बसलेल्या शिंप्याच्या उजव्या तर्जनीत हाडवैद्याने सुई टोचली. शिंपी हसतच राहिला. मग मधल्या बोटात टोचली. तरी हसू तसंच.

"नऊ दिवसांपूर्वी शिडीवरून पडला. मी एक झटका दिला, कट्ट झालं, हाड घरात. आता सुईसुद्धा दुखत नाही. आणि हा यंत्राचा दाखला," म्हणत त्याने खिडकीला एक्स-रे लावला.

तो एक्स-रे शिंप्याच्या धाकट्या बहिणीने झटक्यानंतर त्याच दिवशी काढला होता. दवाखान्यात तिचं कामच ते. मनगट समोरून आणि बाजूने, दोन्हीकडून घ्यायचं, हे ती रोज दहा जणांना ऐकवायची. पण दादा हात वळवताना कळवळला आणि तिने एकावरच भागवलं. समोरून हाडं जागेवर दिसली. डॉक्टरांना न दाखवताच घरी सांगितलं, काही मोडलेलं नाही.

सुई पाहून ती गर्दीतून पुढे सरकली.

"करंगळीला टोचा ना," ती म्हणाली.

हाडवैद्य आढेवेढे घेऊ लागला, तेव्हा तिनेच सुई घेऊन करंगळीला टोचली. दादा ताडकन उठला.

"करंगळीला गुण यायचा राहिला वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं. लोक हसले.

"हेही बसवा," म्हणत तिने आपलं धडधाकट मनगट हाडवैद्यापुढे धरलं. झटका, कट्ट. आवाज त्याच्या स्वतःच्या अंगठ्याचा होता. पुढच्या रांगेलाही ते दिसलं.

त्याच दुपारी तिने दादाच्या मनगटाचा बाजूने फोटो काढला. मनगटातलं चंद्रकोरीसारखं छोटं हाड निखळून तळव्याकडे कलंडलं होतं आणि पहिल्या तीन बोटांची नस दाबत होतं. दुखणं गेलं नव्हतं, बोटं बधिर झाली होती.

"हा फोटो पहिल्याच दिवशी का नाही काढला?" डॉक्टरांनी विचारलं.

"मी काढला नाही," ती म्हणाली. मान वर झाली नाही.

ऑपरेशन करून हाड जागेवर बसवलं, तारांनी धरलं. नस किती सावरेल, हे डॉक्टर सांगेनात. दादा डाव्या हाताने कात्री धरून पाहू लागला. तेच तिला जास्त लागलं.

आठवड्याने ती हाडवैद्याच्या दारातल्या रांगेपुढे उभी राहिली.

"खोटं त्यांनी सांगितलं, पण त्याला पुरावा मी दिला. मी शिकलेली आहे म्हणूनही माझ्यावर विश्वास ठेवू नका. दुखायचं थांबलं की आधी विचारा, का थांबलं. आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा."

रांगेतली एक बाई सुजलेला हात सावरत बाहेर आली. "दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो, ताई?"