तोंडीच घ्या, सर

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. विभागाच्या सभेत ख्वात सरांनी विचारलं, यंदा वारसा कायद्याची परीक्षा कशी घ्यायची? सगळा वर्ग खाली मान घालून बसलेला, आणि उठलं कोण? मी, थोआ. या विषयात दोनदा गटांगळी खाल्लेली. तिसऱ्यांदा नापास झाले की विद्यापीठातून नाव कमी, आणि मग गावी, नाम दिन्हला, आईच्या गाडीवर तांदळाच्या वाफेवरच्या पोळ्या काढत बसायचं.

"लेखी पेपर म्हणजे मुक्यांची परीक्षा," मी म्हणाले होते. "आपण मान मोडून लिहायचं आणि तपासणारा दोन मिनिटांत उरकणार. पर्यायांवर टिक मारायची असेल तर माकडसुद्धा पास होईल. घरी नेऊन लिहायचा म्हटलं तर थोरला भाऊ लिहून देईल. तोंडीच घ्या, सर. समोरासमोर काय ते कळेल." टाळ्या पडल्या. बोलणाऱ्याची माती खपते, तशी माझी खपली.

आज हनोईतल्या विद्यापीठात, परीक्षेच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात माझी पाचावर धारण बसली होती. पोटात अन्नाचा कण नव्हता. केळं खाल्लंस तर घसरशील, अंडं खाल्लंस तर शून्य मिळेल, असं म्हणत माझ्या मैत्रिणीने, लुआने, सगळंच माझ्या पुढ्यातून उचललं होतं. आतून एकेक जण पांढराफटक होऊन बाहेर येत होता.

"सभेत फार चुरुचुरु बोलत होतीस ना," वर्गातला क्वी म्हणाला. "आता भोग. आमचीही वाट लावलीस."

"गप रे," लुआ म्हणाली. एरवी ही वर्गात तोंड उघडत नाही. माझ्या कानाशी लागून कुजबुजली, "माझा नंबर तुझ्या आधी आहे. सोप्या प्रश्नाची चिठ्ठी आली तर परत ठेवताना कोपरा दुमडून ठेवते. तीच उचल."

लुआ पास होऊन बाहेर आली. डोळ्यांनी खूण केली. मी आत गेले.

ताटात चिठ्ठ्या पालथ्या पसरल्या होत्या, आणि प्रत्येक चिठ्ठीचा कोपरा दुमडलेला! सकाळपासून आत गेलेल्या प्रत्येकाने आपापल्या दोस्तासाठी हेच केलं होतं.

"दर वर्षीचंच आहे हे," ख्वात सर म्हणाले. "उचल कुठलीही."

उचलली. मृत्युपत्र नसेल तर वारस कोण? देवा, मला येत होतं! तयारीच्या टेबलावर बसून मी कच्च्या कागदाची एक अख्खी बाजू भरून काढली. इतकं मुद्देसूद मी जन्मात कधी लिहिलं नव्हतं.

मग सरांसमोर बसले, तोंड उघडलं आणि बोबडी वळली. सर वाट बघत होते. शेवटी मी कागदच त्यांच्यापुढे सरकवला.

सरांनी तो न वाचता पालथा घातला. "लेखी नको असं तूच म्हणालीस ना? बोल, मी ऐकतोय." आवाजात राग नव्हता, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. "घाबरू नकोस. पहिले वारस कोण?"

नवरा किंवा बायको, आई-बाप, मुलं. सगळ्यांना सारखा वाटा. शब्द घशापर्यंत येत होते आणि तिथेच अडत होते. बाहेर कोणीतरी हसलं.

बऱ्याच वेळाने सरांनी पेन उचललं. "वाईट वाटतं मला," म्हणाले, आणि गुण लिहून यादी माझ्याकडे वळवली. नापास.

बाहेर येताच सगळ्यांनी घेरलं. "कुठली आली? काय विचारलं? सांग ना!"

आणि मी सांगत सुटले. पहिले वारस कोण, पोटातल्या बाळाचा वाटा, दत्तक मुलाचा वाटा, आजी-आजोबांचा नंबर कधी लागतो, सगळं घडाघडा, एकदाही न अडखळता. क्वी भराभरा लिहून घेत होता. त्याचं नाव पुकारलं, तसा तो धावतच आत गेला.

लुआचा चेहरा खुलला होता. "थोआ, अगं, हे सगळं आत बोललीस ना?"

मी तिच्याकडे बघितलं, आणि मला पुन्हा एक शब्द फुटेना.