शिशाचा राजा

भिंगरीने नाणं गिळलं तेव्हा आजोबा दाराशी गॅसवाल्याशी बोलत होते. परत आले तर टेबलावर भिंग तसंच, कापसाची गादी तशीच, आणि चार वर्षांची नात गळा धरून उभी.

"राजा पोटात गेला," ती म्हणाली.

आजोबांनी रिकामी गादी चाचपली. नाण्यावरचा तो प्राचीन राजा कुठल्या पोथीत नव्हता, शिलालेखात नव्हता. त्याची हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी नाणी तेवढी सापडलेली, तीही झिजलेली. चेहरा धड दिसायचा तो या एकाच नाण्यावर: बसकं नाक, जाड ओठ, कानात बाळी. घड्याळं दुरुस्त करण्यात जन्म घालवलेल्या आजोबांना ते जुन्या बाजारात भंगाराच्या ढिगात मिळालं होतं. चोरीच्या धास्तीने त्यांनी त्याचा फोटोसुद्धा काढू दिला नव्हता.

शिलाई मशीन तसंच टाकून सूनबाई धावत आली. "काय गिळलं?"

"नाणं. साधंच... खिशातलं."

तोंडातून निघून गेलं. 'पोर दिसेल ते तोंडात घालते, तुमचं ते खेळणं कुलपात ठेवा, बाबा,' असं ती कानीकपाळी ओरडत आली होती. मुलगा बोटीवर नोकरीला. घरात तिचाच शब्द चाले आणि आजोबा तिला जरा वचकूनच असत.

दवाखान्यात एक्स-रेवर पोटात पांढरी टिकली दिसली. "घशातून खाली उतरलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "साधं नाणं आपोआप पडून जातं. घरी न्या."

सूनबाईने सुटकेचा निःश्वास टाकला. आजोबांची नजर मात्र त्या टिकलीवरून हटेना. नाणं शिशाचं होतं. शिसं पोटातल्या आम्लात विरघळतं, रक्तात भिनतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. नाणं हाताळलं की ते साबणाने हात धूत, ते उगीच नव्हे. सांगावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात सूनबाई नर्सला म्हणाली, "आमचे बाबा होते म्हणून लगेच कळलं हो." त्यांचं तोंड मिटलं.

घरी ते भिंगरीसमोरून हलेनात. ती हसली की जीव भांड्यात पडे, गप्प झाली की टांगणीला लागे. पडेल लवकरच, ते मनाशी घोकत राहिले. दुपारी तिने ताट ढकललं आणि पोट धरून आडवी झाली.

"आजोबा, राजा चावतोय."

"कुठला गं राजा?" सूनबाई हसली. तोच भिंगरीला भडाभडा उलटी झाली आणि तिने मानच टाकली.

"सूनबाई," आजोबा म्हणाले. "ते साधं नाणं नव्हतं. शिशाचं आहे. विष असतं ते."

तिने त्यांच्याकडे एकदाच पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. पोरीला उचलून ती अनवाणीच जिना उतरली.

"सकाळीच का नाही सांगितलंत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. नाणं दुर्बीण घालून काढायला भिंगरीला आत नेलं. बाकाच्या एका टोकाला सूनबाई, दुसऱ्या टोकाला आजोबा. दार उघडलं की दोघंही धडपडत उठत; बाहेर यायची ती बादली घेतलेली आया.

शेवटी डॉक्टरीणबाई आल्या. नाणं निघालं होतं. पण शिसं रक्तात उतरलं होतं, औषधं सुरू करावी लागणार होती.

"तिच्या डोक्यावर काही परिणाम?" सूनबाईने विचारलं.

"आत्ताच सांगता येणार नाही."

नर्सने आजोबांच्या हातात छोटी बाटली ठेवली. आतल्या करड्या चकतीवर ना नाक होतं, ना ओठ. राजा पुसला गेला होता. आजोबांनी बाटली बाकावर ठेवली आणि दाराच्या काचेला डोळा लावला.

पुढे रक्तातलं शिसं हळूहळू उतरलं. भिंगरी पुन्हा घरभर भिरभिरू लागली. सूनबाई आजोबांना वेळेवर चहा देई, पण वाण्याच्या दुकानात जातानाही पोरीला त्यांच्यापाशी न ठेवता कडेवर घेऊनच जाई. आजोबा रोज सकाळी नातीला रंग विचारत, आकडे म्हणायला लावत. ती कंटाळून मुद्दामच लाल रंगाला निळा म्हणे. आजोबांचे हातपाय गार पडत. मग ती खुदकन हसे, तरी ते तोच रंग पुन्हा विचारत.